भिंतीवरील प्रमाणपत्र आणि रिकामी खुर्ची

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतींना नवा रंग लागला, औषधांच्या कपाटांवर नावांच्या चिठ्ठ्या डकविल्या गेल्या, जैव कचऱ्यासाठी पिवळ्या, तांबड्या, निळ्या व पांढऱ्या बादल्या ओळीने मांडल्या गेल्या आणि रुग्णांच्या हक्कांचा फलक दर्शनी भागात झळकू लागला, की गावाने खुशाल समजावे : तपासणी जवळ आली आहे. पूर्वी मंत्र्यांच्या दौऱ्यापूर्वी अशी लगबग होत असे. आता ती राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांनुसार होणाऱ्या मूल्यांकनासाठी होते. आरोग्य खात्यातील माणसे त्याला थोडक्यात ‘मानांकन’ म्हणतात. तपासनीस येतात, गुण देतात, निघून जातात, आणि केंद्र उत्तीर्ण झाले तर चौकटीत बसविलेले प्रमाणपत्र वैद्यकीय अधिकाऱ्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लागते. त्या खुर्चीवर कोणी बसलेले असते की नाही, हा प्रश्न मात्र प्रमाणपत्र लागल्यानंतरही गावाला पूर्वीइतकाच छळत राहतो.

केंद्र शासनाने ही मानके २०१३ साली लागू केली. आरंभी ती जिल्हा रुग्णालयांसाठी होती. पुढे ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि अखेर उपकेंद्रेही त्यांच्या कक्षेत आली. २०१५ साली स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ ही पारितोषिक योजना आली, २०१७ च्या अखेरीस प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ आली. मानकांचे आठ विभाग आहेत : पुरविल्या जाणाऱ्या सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री व मनुष्यबळ, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्गाचे नियंत्रण, गुणवत्तेचे व्यवस्थापन आणि शेवटी फलनिष्पत्ती. प्रत्येक विभागाखाली तपासणीच्या बारीक बाबी असतात आणि प्रत्येक बाबीला शून्य, एक किंवा दोन गुण मिळतात. तपासनीस स्वतः निरीक्षण करतो, कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारतो, नोंदी चाळतो, रुग्णांशी बोलतो. एकूण किमान ७० टक्के गुण मिळाले तर प्रमाणपत्र, तेही तीन वर्षांसाठी, आणि त्यासोबत प्रोत्साहनाची रक्कम. २०२४ सालापासून उपकेंद्रांचे मूल्यांकन दूरदृश्य पद्धतीनेही होऊ लागले आहे. म्हणजे आरोग्यसेविकेने कॅमेऱ्यासमोर कपाट उघडून दाखवावे आणि दूर बसलेल्या तपासनिसाने ते पाहून घ्यावे. गावाची हवा त्या पडद्यातून कितपत कळते, हे त्या तपासनिसालाच ठाऊक.

या सर्व खटाटोपाची थट्टा करणे सोपे आहे, आणि डाव्या चळवळीत ती होतेही. गुणवत्ता, मानके, मूल्यांकन हे शब्द कारखानदारीतून व व्यवस्थापनशास्त्रातून आले. सबब ते लोककल्याणाचे नव्हेत, असा एक सरधोपट तर्क केला जातो. तो टिकणारा नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली व १० बालके मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण दगावले. आग विझविण्याचे साधन चालू आहे काय, विजेच्या वाहिन्यांवर किती भार आहे, अडचणीत बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे काय, हे तपासणीच्या कागदावरील रटाळ प्रश्न भंडाऱ्याच्या त्या मातांच्या दृष्टीने रटाळ नव्हते. श्रीमंताला वाईट सेवा मिळाली तर तो दुसऱ्या दवाखान्याचा दरवाजा ठोठावतो. गरिबाला दुसरा दरवाजा नसतो. म्हणून सार्वजनिक सेवेच्या दर्जाची काळजी समाजवाद्यांनी इतरांहून अधिक वाहिली पाहिजे. ‘सरकारी आहे, एवढे तरी मिळते आहे’ ही समजूत दुबळ्यांवर लादलेली आहे. ती त्यांची मागणी कधीच नव्हती.

तेव्हा वाद तपासणी असावी की नसावी याचा नाही. परीक्षा कोणाची, ती कोणापुढे आणि नापास झाल्यास जाब कोणाला विचारायचा, याचा आहे.

या संदर्भात एक जुनी हकिकत उद्बोधक आहे. रुग्णालयांच्या मानांकनाचा आधुनिक इतिहास अमेरिकेत सुरू होतो. तेथील शल्यचिकित्सकांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या संस्थेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुग्णालयांसाठी किमान मानके ठरविली. ती अवघ्या एका पानात मावत. या मानकांवर शंभर व त्याहून अधिक खाटांची ६९२ रुग्णालये पारखली गेली, तेव्हा उत्तीर्ण झाली ८९. नापासांत देशातील काही नामांकित रुग्णालये होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात संस्थेची बैठक भरली असता, ही यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून हॉटेलच्या तळघरातील भट्टीत जाळण्यात आली. मानांकनाच्या जन्मकाळीच हा प्रश्न उभा राहिला होता : परीक्षेचा निकाल ज्यांच्या जिवाशी संबंधित आहे, त्यांना तो कळावा की नाही? आपल्याकडे याद्या जाळल्या जात नाहीत. प्रमाणित संस्थांची नावे जाहीर होतात, समारंभही होतात. पण मूल्यांकनात ज्या त्रुटी निघतात, त्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवण्याचे बंधन कोणावर नाही. ती फाइलीत राहते. भट्टी आणि फाइल यांत फरक आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने तो फार मोठा नाही.

त्रुटींचे स्वरूप पाहिले की गोष्ट स्पष्ट होते. औषधाच्या कपाटावर चिठ्ठी नसणे ही औषधनिर्मात्याची कसूर आहे; ती एका दुपारी दूर होते. प्रसूतिकक्षात हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचे चित्र नसणे ही परिचारिकेची कसूर धरता येईल. पण वैद्यकीय अधिकाऱ्याची दोन मंजूर पदे असून त्यांतील एक वर्षानुवर्षे रिकामे असणे, प्रयोगशाळा तंत्रज्ञ कंत्राटी असणे आणि त्याचे कंत्राट मार्चअखेर संपणे, औषधांची खरेदी राज्याच्या पातळीवर अडकून पडणे, या कसुरी केंद्राच्या नव्हेत. तरीही गुण कापले जातात ते केंद्राचे. वर्गात छप्पर गळत असताना भिजलेल्या वहीबद्दल विद्यार्थ्याला नापास करावे, तसा हा न्याय आहे. छप्पर शाकारण्याची जबाबदारी ज्याची, तो परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला असतो.

ही खुर्ची कोठून आली हेही पाहिले पाहिजे. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात दूरच्या पल्ल्याचे उद्दिष्ट म्हणून दर दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय सुचविले होते. १९५२ साली समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. पुढे मैदानी प्रदेशात तीस हजार व डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक केंद्र हे प्रमाण ठरले. १९६२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे आला. ग्रामीण रुग्णालये व जिल्हा रुग्णालये मात्र राज्य शासनाकडेच राहिली. आजही जिल्हा आरोग्य अधिकारी एका साखळीत आणि जिल्हा शल्यचिकित्सक दुसऱ्या साखळीत अशी स्थिती आहे. त्यात २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाची तिसरी, कंत्राटी साखळी गुंफली गेली. भोर समितीच्या ७५ खाटांच्या जागी बहुतेक केंद्रांत सहा खाटा आहेत. हे अंतर मोजणारे मानक कोणत्याही तपासनिसाच्या पिशवीत नसते.

पैशाचे गणित तर आणखी सरळ आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या, म्हणजे साथीच्या दिवसांतील वाढीव खर्चाच्या वर्षातही, राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे हे प्रमाण १.८४ टक्के होते. आणि त्या वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी उपचाराच्या वेळी थेट आपल्या खिशातून मोजली होती. ७० टक्के गुणांची अट उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला लागू आहे. वित्त खात्याला ती लावून पाहावी.

प्रोत्साहनाच्या रकमेचा विचारही अर्थशास्त्राच्या अंगाने व्हायला हवा. जे केंद्र उत्तीर्ण होते त्याला रक्कम मिळते आणि तिचा काही भाग कर्मचाऱ्यांत वाटला जातो. उत्तीर्ण कोण होते? ज्याची इमारत धड आहे, पदे भरलेली आहेत, पाणी आणि वीज आहे, आणि जे तालुक्याच्या गावाशेजारी असल्याने तपासणीच्या कागदपत्रांसाठी माणसे जमवू शकते ते. धडगाव-अक्कलकुवा किंवा भामरागड-एटापल्लीच्या मुलखातले केंद्र त्या शर्यतीत मागे पडते आणि रकमेलाही मुकते. भरल्या कणगीत धान्य ओतण्याचा हा प्रकार आहे. दुसरी बाब अधिक सूक्ष्म. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले, की एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांतील मोजता येणाऱ्या कामांनाच बक्षीस असेल, तर न मोजता येणाऱ्या कामांकडे दुर्लक्ष होते. आणि त्यात त्या माणसाचा अप्रामाणिकपणा नसतो. आरोग्यसेविकेच्या दिवसाचे तास मोजके. सकाळी लसीकरण, दुपारी पाड्यावरची गर्भवती, सायंकाळी नोंदवह्या आणि भ्रमणध्वनीवरील निरनिराळी माहिती-प्रपत्रे. तपासणीच्या महिन्यात नोंदवह्या वाढतात, तेव्हा कमी काय होते? पाड्यावरची फेरी. ती कोणत्याही कपाटात ठेवून दाखविता येत नाही.

नोंदवही म्हणजे वास्तव नव्हे, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’सह राज्यातील काही स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागांतील बालमृत्यू घरोघर जाऊन मोजले आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. प्रत्यक्षात होणारे मृत्यू आणि सरकारी दप्तरात उतरलेले मृत्यू यांत प्रचंड तफावत असल्याचे त्यातून दिसले. नोंदवह्या नीटनेटक्या होत्या. मेलेली मुले त्यांत नव्हती. हा अहवाल आल्यावर खळबळ माजली आणि पुढे शासनाला या प्रश्नावर मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्याच गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. या यशाच्या मुळाशी उपचारांइतकीच एक साधी शिस्त होती : प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायचा, लपवायचा नाही. गुणवत्ता सुधारते ती येथून. ज्या केंद्राच्या हद्दीत बालमृत्यूंची नोंद वाढली, त्याला आजच्या व्यवस्थेत शाबासकी मिळेल की कारणे दाखवा नोटीस, याचे उत्तर कोणताही वैद्यकीय अधिकारी खासगीत देईल.

आवाराच्या आतले पाहायचे आणि बाहेरचे सोडायचे, हा आपल्या मानांकनातील मूळ दोष आहे. आरोग्य केंद्र म्हणजे लहान रुग्णालय नव्हे. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली की नाही, क्षयरोगी अर्धवट उपचार सोडून ऊसतोडीला गेला तर त्याच्या गोळ्या त्याच्यामागे कारखान्याच्या तळावर पोहोचल्या की नाही, गोवराचा पहिला रुग्ण कोणत्या वस्तीत निघाला, ही त्याची खरी कामे. अमेरिकेत २००७ साली स्थापन झालेल्या व २०११ पासून मानांकनाचे काम करणाऱ्या सार्वजनिक आरोग्य मंडळाने निदान ही गोष्ट ओळखली. ते इमारतीला प्रमाणपत्र देत नाही; परगण्याच्या किंवा शहराच्या संपूर्ण आरोग्य खात्याला देते. अर्ज करण्यापूर्वी त्या खात्याने आपल्या हद्दीतील लोकांच्या आरोग्याची पाहणी लोकांना सोबत घेऊन केलेली असावी लागते आणि सुधारणेचा आराखडा तयार असावा लागतो. तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. मानांकन ऐच्छिक असून त्याला शुल्क पडते; मोठी खाती पुढे गेली, लहान ग्रामीण खाती मागे राहिली. शिवाय २००८ च्या मंदीनंतर याच स्थानिक खात्यांतील हजारो पदे कमी करण्यात आली. म्हणजे एका हाताने माणसे काढायची आणि दुसऱ्या हाताने दर्जाचे प्रमाणपत्र द्यायचे, हा उद्योग केवळ आपलाच नाही. तरीही ‘खात्याची परीक्षा’ ही कल्पना उचलण्यासारखी आहे. आपल्याकडे केंद्राला गुण मिळतात. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग त्या मानांकनाच्या कक्षेतच येत नाही.

आणि प्रमाणपत्राविना गुणवत्ता कशी वाढते याचेही उदाहरण दूर शोधायला नको. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचा एक तरुण डॉक्टर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत होती. शहरातल्या पुस्तकांत त्यावर धड काही लिहिलेले नव्हते. हा डॉक्टर रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी व रक्तदाब टिपत राहिला. मृत्यू हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन येतो हे त्याने ओळखले आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरून पाहिले. गंभीर दंशात शेकडा चाळीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले. हे जगन्मान्य संशोधन सरकारी नोकरीतल्या खाटेशेजारी सुरू झाले. यातून व्यक्तीच्या थोरवीचा गौरव करून थांबणे चुकीचे ठरेल. मुद्दा असा की तेथे डॉक्टर होता, तो केंद्रात राहत होता, रात्री होता, आणि आपल्या रुग्णांचे काय झाले हे त्याने मोजले. मानकांच्या यादीतील आठवा विभाग, फलनिष्पत्तीचा, हाच. तो यादीच्या शेवटी यावा हे जरा सूचक आहे.

लोकांनी मोजण्याचा प्रयोगही महाराष्ट्रात झालेला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचे काम सुरू झाले. पुण्याची ‘साथी’ ही संस्था त्याचे राज्यपातळीवर संयोजन करीत होती. गावातील समितीने आपल्या उपकेंद्राचे व केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे : चांगल्या सेवेला हिरवा रंग, मध्यमला पिवळा, वाईटाला तांबडा. अक्षरओळख नसलेली बाईदेखील तो तक्ता वाचू शकत असे. मग जनसुनवाई भरे. तेथे बाहेरून औषधे आणायला लावली, पैसे मागितले, डॉक्टर नव्हता, अशा तक्रारी अधिकाऱ्यांच्या तोंडावर मांडल्या जात आणि उत्तर तेथेच द्यावे लागे. आरोग्य कर्मचाऱ्यांना आरंभी हा अपमान वाटला. पण पुष्कळ ठिकाणी त्यांनाच ध्यानात आले, की पद रिकामे आहे, वाहनाला इंधन नाही, हे आपण वर लिहून थकलो ते आता गावच वर सांगते आहे. या प्रयोगाला पुढे निधीची चणचण भासत गेली. तपासनिसांच्या मानांकनाचा व्याप मात्र वाढत गेला. एकात लोक परीक्षक होते. दुसऱ्यात लोक हे मुलाखत घेण्याचे साधन आहेत, चार साधनांपैकी शेवटचे.

लोकप्रतिनिधींची कथा याहून बरी नाही. ‘स्थानिक’ आरोग्यव्यवस्थेचा अर्थ स्थानिक लोकांना उत्तरदायी असलेली व्यवस्था असा असेल, तर २०२२ च्या मार्चनंतर कित्येक वर्षे राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, हे आठवावे. आरोग्य समितीच ज्या सभागृहात नाही, तेथे त्रुटींचा अहवाल मांडायचा कोणापुढे? प्रशासकाने तो प्रशासकालाच सादर करायचा आणि प्रशासकाने मंजूर करायचा. याच काळात, २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या मानधनासाठी संपावर गेल्या, आझाद मैदानात बसून राहिल्या. केंद्राच्या प्रमाणपत्रात ज्यांच्या पायपिटीचे गुण जमा आहेत, त्यांच्या नोकरीला नाव नाही, वेतनश्रेणी नाही.

मानांकन मोडीत काढण्याची गरज नाही. त्याची दिशा फिरवावी लागेल. प्रोत्साहनाची रक्कम पुढे असलेल्या केंद्राला देण्यापूर्वी मागे असलेल्या केंद्राच्या त्रुटी भरून काढण्यास वापरली गेली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि राज्याच्या आरोग्य व वित्त खात्यांना स्वतंत्र गुणपत्रिका हवी. तीत भरलेली पदे, वेळेवर आलेली औषधे व निधी, आणि घरोघर जाऊन पडताळलेले बालमृत्यू व मातामृत्यू यांना गुण असावेत. सध्याच्या पद्धतीतही प्रत्येक त्रुटी कोणत्या पातळीवर दूर व्हावयाची, हे ठरवून कृती-आराखडा करावाच लागतो. तो आराखडा, प्रत्येक त्रुटीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि मुदतीची तारीख लिहून, सोप्या मराठीत आणि आदिवासी भागात त्या त्या बोलीत, ग्रामसभेत वाचला जावा व त्याच भिंतीवर प्रमाणपत्राच्या शेजारी लावला जावा. त्याला नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. आरोग्य खात्याचे एक परिपत्रक पुरे आहे.